बावीस पावलांचा बगीचा

रायपूरहून परत आल्यापासून दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारते, "मग, काय काय पाहिलं?" नवं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झाली, तेव्हा तिथं काहीतरी पाहण्यासारखं उभं राहिलं असणार, असं त्यांना वाटतं. असेलही. मी एक बगीचा पाहिला. आमच्या अमरावतीच्या गल्लीतल्या दहा-बारा दुकानांची जागा एकत्र केली तर होईल एवढा. कुत्र्यांना तिथं मज्जाव नाही, एवढीच त्याची ख्याती. चार दिवस रायपुरात होते आणि चारही सकाळी मी तिथंच बसले. फिरायला गेले नव्हते. माझं कुत्रं आणायला गेले होते. त्याच्यासोबत जमलं तर मुलगाही.

मी साड्या विकते. नवरा गेला तेव्हा नितीन चार वर्षांचा होता. खांद्यावर गाठोडं घेऊन मी दारोदार फिरले, मग एका बोळात ओटा मिळाला, मग दुकान झालं. कुणी हात धरून वर ओढलं नाही. तोंडाच्या जोरावर आले आणि त्याच तोंडानं माणसंही तोडली, हे मला माहीत आहे. नितीन त्या दुकानाच्या गादीवरच मोठा झाला. डोळे मिटून बोटांनी पोत ओळखायचा. घासाघीस मी त्याला अशी शिकवली की मोठे व्यापारी त्याला पाहून सावध व्हायचे. त्यातला मुख्य धडा हाक मारण्याचा. भाव पटला नाही असं दाखवून गिऱ्हाईक उठतं आणि चालू लागतं. दुकानदारानं लगेच हाक मारली की तो हरला. मान खाली घालून दुसऱ्या साडीची घडी करत बसायचं. पाय उंबरठ्यावर पडला की मग हाक मारायची. त्याच्या आधी नाही, आणि नंतर तर नाहीच.

असा तयार केलेला मुलगा दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत रेल्वेच्या नोकरीचा कागद घेऊन समोर उभा राहिला. परीक्षा कधी दिली, मला पत्ता नाही. सुरतेला माल पाहायला जातो म्हणून गेला होता, तेव्हाच दिली असावी. नेमणूक रायपूरला. आणि जाताना बोहनीला घेऊन गेला.

बोहनी आमची कुत्री. दुकान उघडलं त्या सकाळी पायरीवर येऊन बसली होती, आणि पहिली साडी विकली गेली तेव्हा तिला ओलांडूनच गिऱ्हाईक आत आलं होतं. म्हणून दिवसाच्या पहिल्या विक्रीचं नाव तिला पडलं. ती पायरीवर असली की सकाळ चांगली जायची. लोक हसतात, हसू द्या. दोन वर्षं ती पायरी मोकळी आहे आणि माझी एक सकाळ सरळ गेलेली नाही.

बुढापारा

स्टेशनवरच्या रिक्षावाल्याशी माझं भांडण झालं. "दीदी, अब ये राजधानी है," असं तो भाड्याचं कारण सांगत होता. मी म्हटलं, राजधानी झाली म्हणून रस्ता लांब झाला का? तो हसला आणि त्यानं भाडं उतरवलं. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सगळं शहर कुठल्यातरी मोठ्या घरी लग्न ठरल्यासारखं धावत होतं. पाट्यांवर जुन्या राज्याचं नाव खरवडून नवं रंगवलेलं, आणि ऊन तिरपं पडलं की खालचं जुनं वर दिसायचं. लाल दिव्याच्या गाड्या जुन्या गल्ल्यांत अडकून पडलेल्या, आणि त्यांच्यामागे स्कूटरवाले कुणाचीही भीड न ठेवता भोंगे वाजवत होते.

नितीन बुढा तलावाजवळ, बुढापाऱ्यात एका जुन्या घराच्या माडीवर दोन खोल्यांत राहतो. पारा म्हणजे आपली आळी. जिना इतका उभा की माझ्या गुडघ्यांनी मधेच राजीनामा दिला. वर पोचले तेव्हा बोहनी दाराशी होती. तोंड पांढरं झालेलं. मला वाटलं होतं उड्या मारेल, निदान भुंकेल. तिनं माझ्या पिशवीचा वास घेतला, पिशवीवर चढून वेटोळं केलं आणि डोळे मिटले. दुकानात गठ्ठ्यांवर अशीच झोपायची. पिशवीत मी तिच्यासाठी अमरावतीहून साखळी आणली होती. गार्डाच्या डब्यात कुत्रं न्यायचं तर साखळी आणि तोंडाला जाळी लागते, ते सगळं मी आधीच चौकशी करून ठेवलं होतं. बोहनी नेमकी त्या साखळीवरच झोपली होती.

"आई, बैठो ना. चहा टाकू?" नितीन म्हणाला.

"माह्याशी हिंदीत बोलू नको."

"हव."

होच्या जागी आलेला तो हवसुद्धा मला परका वाटला. तसं आपल्याकडेही खेड्यापाड्यांत हव म्हणतातच की.

पहिल्याच सकाळी तो नोकरीवर जायच्या आधी काय खातो ते पाहिलं आणि माझा जीव तुटला. रात्रीच्या भातात पाणी ओतून ठेवलेलं. सकाळी त्यात मीठ, सोबत कांदा, चटणी आणि लाल भाजी. मी त्याला शिळं कधी वाढलं नाही. गाठोडं घेऊन फिरायचे तेव्हाही नाही. "इथं बोरे-बासी म्हणतात," तो म्हणाला. "उन्हाळ्यात सगळेच खातात, आई. साहेबसुद्धा." मी एक घास खाल्ला तो भांडायला आधार पाहिजे म्हणून. पोटात थंड पडला. चैत्रातल्या त्या उन्हात तो घास दुपारपर्यंत पोटात गार राहिला, हे मी त्याला सांगितलं नाही.

कुत्र्यांचा बगीचा

त्याच्या घरापासून तीन वळणांवर तो बगीचा. तीन बाजूंना जुन्या घरांच्या भिंती, एका बाजूला लोखंडी गेट. मधे एक कडुनिंब, त्याच्या पारावर म्हातारे, एक मोडकी घसरगुंडी, चार सिमेंटचे बाक. आणि कुत्री. पट्ट्यातली, बिनपट्ट्याची, एक भुऱ्या केसांचं मोठ्या घरचं, बाकीची सगळी बोहनीच्या जातीची, म्हणजे कुठल्याच जातीची नाहीत. आपल्याकडे बागेत कुत्रं आलं की चौकीदार काठी घेऊन धावतो. इथं कुणी मान वर केली नाही. बोहनी नितीनच्या हातून सुटली आणि सरळ गेटच्या उंबऱ्यावर जाऊन आडवी पडली. येणारे-जाणारे तिला ओलांडून जात होते. दोन वर्षांनी तिला मी पुन्हा पायरीवर पाहत होते, फक्त पायरी माझी नव्हती.

बगीच्याच्या मालकीण म्हणाव्यात तर कमलताई. वय सत्तरीच्या पुढे, निवृत्त शिक्षिका, तात्यापाऱ्यातलं जुनं मराठी घराणं. त्यांच्या तीन पिढ्या रायपुरात गेल्या, पण मराठी अशी की मला नागपूरच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. मी बाकावर टेकते न टेकते तोच त्यांनी समोर एक बादली आणून ठेवली.

"का वो बाई, कुत्रं तुमचंच ना?"

"माह्यंच."

"मंग दोन बादल्या. हापशीवरून. तुमचं झाड ते, कोपऱ्यातलं सीताफळ."

नियम असा होता. ज्याचं कुत्रं बगीच्यात येतं, त्याला एक झाड. रोज दोन बादल्या घातल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पूर्वी कुत्र्यांवरून आळीत भांडणं व्हायची. कमलताईंनी हा तोडगा काढला आणि भांडणंही मिटली, झाडंही जगली. नितीन दोन वर्षं त्या सीताफळाला पाणी घालत होता. माझ्या कमरेएवढं झालं होतं.

मी म्हटलं, "एक बादली घालते. माहे गुडघे दुखून राहिले."

"गुडघे माहेही दुखतात."

"पाहुणी आहे मी."

"पाहुणे एक दिवस. तो काल सरला. आज दोन."

"दीड."

कमलताई मोठ्यानं हसल्या. "बाई, इथं भाव नाही होत. चाळीस वर्षं पोट्टे शिकवले मी, मले सगळे डाव माहीत आहेत."

त्या दिवशी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एका पैशाचीही सूट न मिळवता व्यवहार पुरा केला. हापशी जड होती. दुसरी बादली नितीननं आपणहून उचलली.

बाजारात

आले आहे तर कोसा पाहून घ्यावा म्हणून तिसऱ्या दिवशी बाजारात गेले. इकडचं हे रेशीम मातकट, अंगाला गार, आणि नेसलं की वजन कळत नाही. अमरावतीत खपेल. दुकानदारानं भाव सांगितला, मी उठले. तीन पावलं गेले नाही तोच मागून, "अरे दीदी, आइए तो! बैठिए तो!" मला त्याची दयाच आली. तीन पावलांत हाक! परत जाऊन मला हवा तो भाव घेतला, पण मजा आली नाही. पूर्वी अशा वेळी अंगात वारं भरायचं. आता बाहेर पडून एका दुकानाच्या सावलीत भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाटलं, हे अजून किती वर्षं करायचं? आणि कुणासाठी?

संध्याकाळी नितीनला ती गोष्ट सांगितली. "तीन पावलात!" तो हसला. दोन वर्षांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो. माझ्या मनात आलं, माल अजून माझाच आहे. उद्या बोलायचं.

चौथी सकाळ

मी साखळी पदराआड घेऊनच बगीच्यात गेले. बोहनी उंबऱ्यावर. नितीन माझ्या शेजारी बाकावर, कामावर जायच्या कपड्यांत. संध्याकाळची माझी गाडी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात कमलताई आल्या आणि माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून म्हणाल्या, "काय सुंदर कापड आहे वो! कुठून घेतलं?"

"माह्या दुकानातलं आहे."

"तुमचं दुकान?" त्या नितीनकडे वळल्या. "अन् हा तर म्हणे, आई घरीच असते. काही करत नाही."

त्या चांगल्या मनाच्या बाई. बोलून गेल्या आणि चेहरे पाहून हळूच हापशीकडे निघून गेल्या.

माझ्या कानात गरम वाफ शिरल्यासारखं झालं. नोकरीचं विसरले असते. चोरून परीक्षा दिली, तेही कधीतरी विसरले असते. पण हे?

"काही करत नाही?" मी म्हटलं. "काही करत नाही मी? तुह्या शाळेची फी कोणाच्या बापानं भरली रे? खांद्याले अजून वळ आहेत गाठोड्याचे. पाह्यचे आहेत? बोलाव त्या सगळ्यायले, दाखवते!"

"आई, हळू."

"काहून हळू? लाज वाटते माही?"

पारावरचे म्हातारे इकडे वळले. एक कुत्रं भुंकायला लागलं, त्याच्या मालकानं त्याला गप्प केलं. नितीन बाकावर पुढे वाकून बसला. मग खाली पाहत म्हणाला, "तुही लाज नाही वाटत. दुकान आहे म्हणून सांगतलं का लोक लगेच विचारतात, मग सोडून काहून आला? मग मी काय सांगू? आई एकटी बसते गादीवर अन् मी इथं फायली लावून राहिलो, असं सांगू? म्हणून म्हणतो, घरीच असते. तिथं विचारणं संपते."

"मग काहून आला?"

"थकलो होतो, आई. सकाळपासून रातपर्यंत भाव. गिऱ्हाइकाशी भाव, व्यापाऱ्याशी भाव, जेवायले बसलो तरी तू पोळीचा हिशोब सांगायची. इथं कोणी माह्याशी भाव नाही करत. काम करतो, घरी येतो, झाडाले पाणी घालतो."

आता खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव. कुणी खरं बोललं की मला आणखी राग येतो. मी साखळी काढून बाकावर ठेवली.

"एक गोष्ट सांगते. तू दिवाळीच्या आत राजीनामा देऊन दुकानात येत असशील तर बोहनी राहू दे तोवर तुह्याजवळ. नाही तर मी तिले आत्ता घेऊन चालली. अन् मग मले फोन करू नको."

"नाही येणार मी."

मी उठले. साखळी उचलली आणि गेटकडे चालू लागले.

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. वीस वर्षं समोरची माणसं जशी उठतात, तशी मी उठले होते. एक पाऊल, दोन, तीन. कोशाच्या दुकानदारानं इथंच हाक मारली होती. पाच. सात. कडुनिंब मागे गेला. कमलताईंची हापशी थांबली होती, म्हणजे त्याही पाहत होत्या. बारा. मागून काहीच नाही. मागे न पाहताही मला माहीत होतं तो काय करत असेल. मान खाली घालून शर्टाची बाही दुमडत असेल. शिकवलं कुणी?

गेटशी पोचले. बोहनी पडल्या पडल्या माझ्याकडे पाहत होती. मी वाकले, साखळी तिच्या पट्ट्याला लावली. तिनं मान वर करून दिली, जशी दुकान बंद करताना द्यायची. उभी राहिली. माझ्याबरोबर यायला ती तयार होती. कुत्रं मला मिळालं होतं. माझा पाय उंबऱ्यावर होता. हाक मारायची हीच वेळ.

हाक आली नाही.

मी तिथं किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक. गुडघे दुखत होते. ऊन भिंतीवरून खाली उतरायला लागलं होतं. मला दिसत होतं की बाहेर पडले तर हा व्यवहार मी जिंकेन. बोहनीला गार्डाच्या डब्यात घालून अमरावतीला नेईन, पायरीवर बसवीन, आणि मग मरेपर्यंत हाकेची वाट पाहीन.

मी साखळी काढली. बोहनी पुन्हा आडवी झाली. मी वळले आणि परत बाकाकडे आले. न बोलावता.

नितीननं बाही खरंच दुमडली होती, कोपरापर्यंत. त्यानं वर पाहिलं. डोळे लाल.

"बावीस," तो म्हणाला.

"काय?"

"पावलं. बाकापासून गेटपर्यंत. तू येणार म्हणून समजलं तेव्हाच मोजून ठेवली. मले माहीत होतं तू उठून जाशील."

"मग हाक काहून नाही मारली?"

"मारणारच होतो गेटवर."

"खोटं."

"हव," तो म्हणाला. "खोटं. आवाजच निघाला नाही."

मी बसले. त्यानं सरकून जागा दिली. कमलताईंची हापशी पुन्हा सुरू झाली.

मी साखळी बाकावर ठेवून म्हटलं, "बरं. तू बोल. तुहा भाव काय?"

त्यानं विचार केला. "दिवाळीत चार दिवस येतो. बोहनीले घेऊन. दुकानात बसतो. अन् इथं लोकायले खरं सांगतो."

पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही, हा त्याला शिकवलेला दुसरा धडा. मी म्हटलं, "ठीक आहे."

त्यानं चमकून पाहिलं. "ठीक आहे? काहून?"

"थकली रे मी."

त्यानंतर दोन बादल्या आम्ही एकेक करून घातल्या. सीताफळाच्या बुंध्याशी पाणी जिरेपर्यंत दोघंही उभे होतो. त्याला कामावर उशीर झाला.

परत

पहिल्याच भावाला गिऱ्हाईक हो म्हणालं की दुकानदाराला चैन पडत नाही. आपलं काहीतरी चुकलं, असं त्याला दिवसभर वाटत राहतं. मी हे ठरवून केलं नव्हतं. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, त्या सकाळी माझ्यात डाव खेळायचं बळच उरलं नव्हतं. साखळी मी त्याच्या खोलीतल्या खुंटीला अडकवून आले. दिवाळीत त्यालाच लागेल.

संध्याकाळी तो मला स्टेशनवर सोडायला आला. वाटभर रिक्षात रस्त्याकडे पाहत होता. रिक्षावाल्यानं सांगितलं तेवढं भाडं मी दिलं, तेव्हा मात्र त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. फलाटावर पोह्यांचा पुडा हातात देताना म्हणाला, "चार काय, सहा दिवस येतो. चारात काही होत नाही."

गाडीत खिडकीशी बसून मी पोहे खात होते. आपल्याकडच्यासारखी झणझणीत तर्री नव्हती त्यावर, पण चांगले होते.

समोरच्या प्रवाशानं मला विचारलं, काय करता? मी सांगायच्या आधीच नितीन खिडकीतून म्हणाला, "इनकी साड़ी की दुकान है. अमरावती में. बहुत बड़ी." बहुत बड़ी नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

गाडी हलली. तो दोन पावलं खिडकीसोबत आला.

"आठ, आई. आठ दिवस येतो. सुट्टी शिल्लक आहे माही."

मी पुड्यातले पोहे बोटानं गोळा करत राहिले. भाव आपणहून वर चढत असला की मधे बोलायचं नसतं.